तबकडीवरचे पुनर्मीलन

फाटाफूट झालेला एखादा बँड वर्षानुवर्षांच्या अबोल्यानंतर पुन्हा एका मंचावर उभा राहिला, की पाश्चात्त्य संगीताच्या चाहत्यांसाठी तो सण ठरतो. लेड झेपलिनने २००७ साली लंडनमध्ये एका रात्रीपुरता असा सण घडवला. ओअ‍ॅसिसचे गॅलघर बंधू सोळा वर्षांनी, २०२५च्या जुलैत, कार्डिफमध्ये एकत्र गायले. दुसरीकडे, इतिहासजमा झालेली काळी तबकडी पुन्हा दुकानांत आली असून २०२२ साली अमेरिकेत तिने विकल्या गेलेल्या नगांच्या संख्येत सीडीला मागे टाकले. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. जुने सूर आणि जुनी माणसे या दोन्हींची ही ओढ ज्या एका नावापाशी येऊन थबकते, ते नाव जॉन लेनन. बीटल्सना पुन्हा एकत्र आणावे, हीच मागणी जगाने त्याच्याकडे दहा वर्षे केली. त्याने ती मान्य केली नाही आणि कायमची धुडकावलीही नाही.

लेननचा जन्म ९ ऑक्टोबर १९४० रोजी लिव्हरपूलमध्ये झाला. वडील आल्फ्रेड बोटीवर नोकरीला असत आणि घरी क्वचितच दिसत. आई ज्युलियाने दुसऱ्या पुरुषाबरोबर संसार मांडला आणि मुलगा मिमी या शिस्तप्रिय मावशीच्या घरी वाढला. आईचे घर मात्र फार दूर नव्हते. तिला एल्विस प्रेस्लीचे वेड होते. ती बँजो वाजवी आणि तिनेच मुलाला बँजोवरचे पहिले सूर शिकवले. रात्री रेडिओ लक्झेंबर्गवरून कानी पडणारी अमेरिकी गाणी आणि मित्रांकडच्या तबकड्या एवढेच त्या मुलाचे संगीत-विद्यालय. शाळेच्या नावावरून त्याने ‘क्वारीमेन’ हा मित्रांचा चमू उभा केला. ६ जुलै १९५७ रोजी वूल्टनच्या चर्चच्या जत्रेत हा चमू वाजवत असताना पॉल मॅकार्टनी नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाशी त्याची गाठ पडली. पुढच्या वर्षी त्याहून लहान जॉर्ज हॅरिसन त्यांना येऊन मिळाला.

१९५८च्या उन्हाळ्यात या मुलांनी पैसे गोळा करून लिव्हरपूलमधल्या एका घरगुती ध्वनिमुद्रण कक्षात दोन गाणी मुद्रित केली. त्यांची एकच तबकडी निघाली. दुसरी प्रत काढण्याइतके पैसे कोणाकडेच नव्हते. पाच जणांनी ती आळीपाळीने आठवडाभर आपल्याकडे ठेवायची, असे ठरले. शेवटी ती पियानो वाजवणाऱ्या जॉन लो याच्या घरी जी राहिली, ती जवळजवळ तेवीस वर्षे. १९८१ साली मॅकार्टनीने ती त्याच्याकडून विकत घेतली आणि मित्रमंडळींसाठी तिच्या मोजक्या प्रती काढल्या. दोन्ही गाण्यांत मुख्य आवाज सतरा वर्षांच्या लेननचा आहे. त्याच वर्षी १५ जुलैला, मावशीच्या घरासमोरचा रस्ता ओलांडताना मोटारीची धडक बसून ज्युलियाचा मृत्यू झाला. लेननच्या गाण्यांतून आई पुढे पुन्हा पुन्हा डोकावत राहिली.

हॅम्बुर्गच्या बारमधील रात्र-रात्र चालणारे कार्यक्रम आणि लिव्हरपूलच्या ‘कॅव्हर्न’ या तळघरातील गर्दी यांविषयी विपुल लिहिले गेले आहे. त्या मानाने दुर्लक्षित राहिलेली गोष्ट अशी, की बीटल्सना जगापुढे आणणारा ब्रायन एपस्टाइन हा मुळात तबकड्यांचा दुकानदार होता. घरच्या दुकानातील तबकड्यांचा विभाग तो सांभाळत असे आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये तो या मुलांना ऐकायला ‘कॅव्हर्न’मध्ये उतरला. डेका कंपनीने नाकारलेल्या या बँडला अखेर ईएमआयच्या पार्लोफोन विभागात जॉर्ज मार्टिन यांनी जागा दिली. त्यानंतर रिंगो स्टार ढोलांवर आला. ‘लव्ह मी डू’ ऑक्टोबर १९६२ मध्ये बाजारात आले. पहिल्या मोठ्या तबकडीतील दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात मुद्रित झाली. दिवसाच्या शेवटी, सर्दीने बसलेल्या घशाने लेननने ‘ट्विस्ट अँड शाउट’ जवळजवळ ओरडून गायले. ती खरखर साठ वर्षांनंतरही तबकडीवर जशीच्या तशी आहे.

पुढच्या वर्षी, ९ फेब्रुवारी १९६४ रोजी, सुमारे ७ कोटी ३० लाख अमेरिकी प्रेक्षकांनी त्यांना दूरचित्रवाणीवर पाहिले. आपल्याकडे मात्र तो काळ चावीच्या ग्रामोफोनचा होता. इंग्लंडमध्ये मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या बंद झाल्या होत्या. भारतात बीटल्सची गाणी तशा जाडजूड, ठिसूळ तबकड्यांवरही निघत राहिली. तेव्हा कोणी कौतुक न केलेल्या त्या तबकड्यांसाठी आज जगभरचे संग्राहक धडपडतात. लेनन स्वतःही तबकड्यांचा वेडा होता. १९६५ साली त्याने नेता-आणता येईल असा एक छोटा ज्यूकबॉक्स घेतला होता. त्यात चाळीस लहान तबकड्या मावत आणि आपल्या आवडीची इतरांची गाणी तो त्यात भरून ठेवी.

१९६६च्या उन्हाळ्यात याच तबकड्यांच्या होळ्या पेटल्या. बीटल्स आता येशूपेक्षाही लोकप्रिय झाले आहेत, अशा आशयाचे लेननचे जुने विधान एका अमेरिकी मासिकाने छापले. त्यावरून अमेरिकेच्या दक्षिण भागात काही रेडिओ केंद्रांनी त्यांच्या गाण्यांवर बहिष्कार घातला आणि त्यांच्या तबकड्या जाहीरपणे जाळण्यात आल्या. लेननला शिकागोत पत्रकारांपुढे दिलगिरी व्यक्त करावी लागली. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत बीटल्सनी शेवटचा तिकीट लावलेला कार्यक्रम केला आणि दौरे थांबवले.

त्यानंतर तबकडी हाच त्यांचा मंच झाला. जून १९६७ मध्ये आलेल्या ‘सार्जंट पेपर’च्या ब्रिटिश प्रतींत गाणी संपल्यावर सुई अगदी आतल्या बंद खाचेत अडकते. तेथे अर्थहीन बडबडीचा एक तुकडा, सुई हाताने उचलेपर्यंत फिरत राहतो. त्याच्या आधी, लेननच्या सूचनेवरून, केवळ कुत्र्यांना ऐकू जावी इतक्या उंच स्वराची शीळ घातलेली आहे. वात्रटपणा म्हणावा तर हा वात्रटपणाच. पण तबकडी या वस्तूशी असे खेळायला तिच्यावर प्रेम असावे लागते. नवल असे, की या गायकाला स्वतःचा आवाज मुळीच आवडत नसे. तो झाकून टाका, दुहेरी करा, दुरून आल्यासारखा करा, असा त्याचा ध्वनिमुद्रकांच्या मागे लकडा असे. एकच ओळ दोनदा गायचा त्याला कंटाळा होता. म्हणून ईएमआयच्या केन टाउन्सेंड या तंत्रज्ञाने आवाज आपोआप दुहेरी करण्याची युक्तीच शोधून काढली.

एपस्टाइनचे ऑगस्ट १९६७ मध्ये निधन झाले. १९६८च्या फेब्रुवारीत लेनन हृषीकेशला महेश योगींच्या आश्रमात गेला, तेथे त्याने भरपूर गाणी रचली आणि एप्रिलमध्ये तो नाराज होऊन परतला. सिंथियाशी झालेला पहिला विवाह संपुष्टात आला आणि मार्च १९६९ मध्ये त्याने जपानी चित्रकर्ती योको ओनोशी विवाह केला. बँड फुटल्याचे खापर आजही अनेक जण या बाईंच्या माथी फोडतात. हा आरोप फार सोपा आहे. पैशांचे व्यवहार, व्यवस्थापक कोणी व्हावे यावरचे भांडण, हॅरिसनची घुसमट आणि चौघांचेही तिशीकडे झुकलेले वय ही कारणे पुरेशी होती. सप्टेंबर १९६९ मध्ये लेननने आपण बाहेर पडत असल्याचे सहकाऱ्यांना सांगितले. जगाला फुटीची बातमी एप्रिल १९७० मध्ये, मॅकार्टनीकडून कळली. प्रकरण न्यायालयात गेले. भागीदारी मोडण्याच्या कागदावर लेननने २९ डिसेंबर १९७४ रोजी सही केली, तीही फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलात, मुलाला घेऊन सुटीवर गेलेला असताना.

पुनर्मीलनाच्या चर्चेला तोवर उधाण आले होते. ती अगदीच हवेतली नव्हती. १९७३ साली रिंगोच्या तबकडीसाठी लेनन, हॅरिसन आणि रिंगो एका गाण्यात एकत्र वाजले. मार्च १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात मॅकार्टनी अचानक लेननच्या ध्वनिमुद्रणाला येऊन थडकला आणि दोघांनी रात्री जुनी गाणी छेडली. फुटीनंतर दोघांनी एकत्र वाजवल्याचे हे एकच ज्ञात ध्वनिमुद्रण. पुढे ते चोरट्या तबकडीवरून फिरले आणि ऐकणारे निराश झाले, कारण त्यात गप्पा आणि नशा जास्त, संगीत थोडे. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एल्टन जॉनच्या कार्यक्रमात लेनन अवतरला. तिसरे गाणे म्हणून त्याने बीटल्सच्या पहिल्या मोठ्या तबकडीचा आरंभ करणारे, मॅकार्टनीच्या आवाजातले, ‘आय सॉ हर स्टँडिंग देअर’ निवडले. हजारोंच्या प्रेक्षागृहापुढे त्याने गायलेले ते अखेरचे.

ऑक्टोबर १९७५ मध्ये मुलगा शॉन जन्मला आणि लेनन घरात रमला. बिल सार्जंट या अमेरिकी आयोजकाने एका कार्यक्रमासाठी ५ कोटी डॉलर देऊ केले. २४ एप्रिल १९७६ रोजी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’च्या निर्मात्याने त्याची टर उडवत, चौघांनी येऊन तीन गाणी गावीत आणि ३ हजार डॉलर घेऊन जावेत, असे कॅमेऱ्यापुढे जाहीर केले. लेननने पुढे सांगितले ते असे: त्या रात्री मॅकार्टनी त्याच्या घरी होता, दोघे तोच कार्यक्रम पाहत होते, गंमत म्हणून टॅक्सी करून स्टुडिओत जावे असे क्षणभर मनात आले, पण दोघेही दमले होते. बीटल्सचे पुनर्मीलन एवढ्याने हुकले. एरवी या विषयावर लेननचे म्हणणे साधे होते. ज्यांना बीटल्स हवे आहेत त्यांच्यासाठी तबकड्या आहेत; विशीतल्या मुलांनी जे केले ते चाळिशीतल्या माणसांनी नाटकासारखे पुन्हा करून दाखवू नये. चाहत्यांना ते रुचले नाही. त्यानंतरच्या अनेक केविलवाण्या पुनर्मीलनांकडे पाहता त्यात तथ्य होते, हे मान्य करावे लागेल.

पाच वर्षांच्या मौनानंतर, १७ नोव्हेंबर १९८० रोजी, ‘डबल फँटसी’ ही त्याची आणि योकोची तबकडी आली. ८ डिसेंबरला संध्याकाळी, डाकोटा या राहत्या इमारतीसमोर मार्क चॅपमन या तरुणाने पुढे केलेल्या तिच्या प्रतीवर लेननने सही केली. रात्री अकराच्या सुमारास तो ध्वनिमुद्रण आटोपून परतला, तेव्हा त्याच तरुणाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. लेनन चाळीस वर्षांचा होता. ती सही केलेली तबकडी पुढे लाखो डॉलरना विकली गेली, ही तबकड्यांच्या बाजारातील सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद आहे.

आणि तरीही पुनर्मीलन झाले. घरी पियानोवर बसून लेननने साध्या कॅसेटवर काही अपुरी गाणी मुद्रित केली होती. योकोंनी ती १९९४ साली मॅकार्टनीकडे सोपवली. उरलेल्या तिघांनी त्यांतील दोन पुरी केली; ‘फ्री अ‍ॅज अ बर्ड’ १९९५ मध्ये आणि ‘रिअल लव्ह’ १९९६ मध्ये आले. तिसऱ्या, ‘नाऊ अँड देन’, गाण्यात पियानोखाली आवाज दबला होता आणि विजेची गुणगुण वेगळी काढता येत नव्हती. हॅरिसनलाही त्यात राम वाटला नाही. काम सोडून देण्यात आले. २००१ साली हॅरिसनही गेला. पुढे पीटर जॅक्सनच्या बीटल्सवरील माहितीपटासाठी, मिसळलेले आवाज संगणकाकडून वेगळे करून घेण्याचे तंत्र विकसित झाले आणि त्याने लेननचा स्वर पियानोपासून सोडवला. हॅरिसनचे १९९५चे गिटारवादन, मॅकार्टनी व रिंगोचे नवे वादन आणि तंतुवाद्यांचा साज असे हे गाणे २ नोव्हेंबर २०२३ रोजी प्रसिद्ध झाले. ब्रिटनच्या यादीत बीटल्स ५४ वर्षांनी पुन्हा पहिल्या क्रमांकावर आले.

ज्याने आयुष्यभर आपला आवाज झाकायला सांगितला, त्याचा आवाज असा निखळ, उघडा करून ऐकवणे त्याला आवडले असते का, यावर चाहत्यांत दोन तट आहेत. जुनी सगळीच गाणी पुन्हा नव्याने मुद्रित करावीत, असे लेनन जॉर्ज मार्टिन यांच्यापाशी बोलला होता. हा दाखला दोन्ही तट आपापल्या बाजूने देतात. गाणे अर्थातच काळ्या तबकडीवरही निघाले. तिच्या दुसऱ्या बाजूला आहे १९६२चे ‘लव्ह मी डू’, आणि त्याच्या आरंभी वाजणारा माउथ ऑर्गन एकवीस वर्षांच्या लेननचा आहे.