ट्रॅक्टरला लिफ्ट देणारा शेतकऱ्याचा पोरगा : हॅरी फर्ग्युसन

रोवणीचे दिवस आले की मूल, सिंदेवाहीपासून आरमोरी, वडसापर्यंत बांध्यांमध्ये ट्रॅक्टर घुमू लागतात. ड्रायव्हर कोपऱ्यावर येतो, सीटजवळचा लिवर ओढतो, चिखलातला रोटाव्हेटर वर उठतो, गाडी वळते, लिवर परत खाली. दिवसभर हेच. यात काही विशेष आहे असे कोणालाच वाटत नाही. पण लिफ्ट उचलायची बंद झाली की चिखलणी अडते, पऱ्हे वाट पाहत राहतात आणि मिस्त्रीला फोनवर फोन जातात.

ही लिफ्ट ज्यांच्या डोक्यातून निघाली त्यांचे नाव आपण मॅसीच्या बोनेटवर रोज वाचतो. हॅरी फर्ग्युसन. ४ नोव्हेंबर १८८४ रोजी आयर्लंडमधल्या ड्रोमोर गावाजवळ, ग्रोवेल येथे शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. शेतीत मन रमेना, म्हणून १९०२ मध्ये ते बेलफास्टला भावाच्या सायकल-मोटार दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले. हात यंत्रावर इतका बसला की स्वतः विमान बनवले आणि ३१ डिसेंबर १९०९ रोजी उडवूनही दाखवले. उडाले ते जेमतेम १२० मीटर, पण आयर्लंडमधले ते पहिले उड्डाण ठरले.

पुढे त्यांनी स्वतःचे गॅरेज काढले, ट्रॅक्टर विकू लागले. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई होती. १९१७ मध्ये सरकारने त्यांना ट्रॅक्टरची नांगरणी सुधारायच्या कामाला लावले. सोबतीला विली सँड्स हा कुशल मेकॅनिक. दोघे शेतोशेती फिरले आणि मूळ दुखणे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा नांगर ट्रॅक्टरच्या मागे बैलगाडीसारखा ओढला जायचा. नांगर दगडाला अडला की मागची चाके फिरत राहायची, पुढचे तोंड वर उठायचे आणि अख्खा ट्रॅक्टर ड्रायव्हरवर उलटा पडायचा. माणसे मरत होती.

(हा धोका आजही गेलेला नाही. बांधीत फसलेली गाडी काढताना किंवा झाडाचे खुंट ओढताना साखळी टॉपलिंकच्या जागी, म्हणजे वर बांधली, तर ट्रॅक्टर तसाच मागे उलटतो. साखळी नेहमी खालच्या हिचलाच बांधायची.)

फर्ग्युसन यांनी ठरवले की अवजार ओढायचे नाही, ते ट्रॅक्टरचाच भाग करायचे. खाली दोन दांडे, वर मधोमध एक टॉपलिंक, असे तीन ठिकाणी जोडायचे. नांगर अडला की टॉपलिंक पुढे दाबते आणि ट्रॅक्टरचे तोंड जमिनीला धरून ठेवते. हाच टॉपलिंकचा दाब त्यांनी हायड्रोलिकच्या व्हॉल्व्हशी जोडला. नांगर खोल गेला की दाब वाढतो, तेल सिलिंडरमध्ये जाते, नांगर थोडा वर येतो आणि त्याचे वजन मागच्या चाकांवर पडते. हलका ट्रॅक्टरही घसरत नाही. १९२६ मध्ये याचे पेटंट मिळाले. आपल्या गाडीवरचा ड्राफ्टचा लिवर हाच. रोटाव्हेटरला तो लागत नाही, तिथे पोझिशनचा लिवर वापरायचा. हे उलटसुलट झाले की लिफ्ट बिघडली असे उगाच वाटते.

खरोखरच उचलत नसेल तर खोलाखोली करण्याआधी हे पाहा. जुन्या मॅसी ३५ च्या घडणीत लिफ्टचा पंप पीटीओच्या शाफ्टवर चालतो. पीटीओचा लिवर बाहेर असेल तर लिफ्ट मेलेलीच दिसणार. मग तेलाची पातळी, नंतर जाळी. तेल दुधासारखे पांढरे दिसले तर बांधीचे पाणी आत शिरले समजा, ते बदलावेच लागते. अवजार उचलून इंजिन बंद केल्यावर ते हळूहळू खाली बसत असेल तर सिलिंडरच्या सीलमधून किंवा व्हॉल्व्हमधून तेल सुटत आहे. आणि नुसत्या लिफ्टच्या भरवशावर उचललेल्या अवजाराखाली कोणी शिरू नये, आधी लाकडाचा टेकू.

१९३३ मध्ये फर्ग्युसन यांनी काळ्या रंगाचा पहिला नमुना बनवला, १९३६ पासून डेव्हिड ब्राऊनसोबत तो बाजारात आणला. १९३८ मध्ये अमेरिकेत हेन्री फोर्डना प्रात्यक्षिक दाखवले आणि दोघांनी फक्त हातात हात देऊन सौदा केला. कागद नाही, सही नाही. त्यातून तीन लाखांवर ट्रॅक्टर निघाले. पण फोर्डच्या नातवाने तो सौदा मोडला आणि तीच लिफ्ट लावून आपला ट्रॅक्टर विकायला काढला. फर्ग्युसन यांनी २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा ठोकला, १९५२ मध्ये हाती आले साडेब्याण्णव लाख. बिनकागदाचा व्यवहार केलेल्या आपल्याकडच्या कोणालाही हे दुखणे सांगावे लागणार नाही.

तोवर त्यांनी इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला राखाडी रंगाचा टीई-२० सुरू केला होता. दहा वर्षांत पाच लाखांवर निघाले. जानेवारी १९५८ मध्ये एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी हेच ट्रॅक्टर घेऊन दक्षिण ध्रुवावर पोचले. १९५३ मध्ये फर्ग्युसन यांनी कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये मिळवली, त्यातून मॅसी फर्ग्युसन हे नाव आले.

२५ ऑक्टोबर १९६० रोजी इंग्लंडमधल्या राहत्या घरी ते वारले. त्याच वर्षी मद्रासला टाफे कंपनी स्थापन झाली आणि पुढे मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर भारतात बनू लागले.