न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक : शाळेतील प्रार्थना आणि राज्यसत्तेची मर्यादा

आपल्या विद्यालयाचा दिवस वंदनेने उजाडतो. त्रिशरण-पंचशीलाचा तो सामूहिक स्वर माजी विद्यार्थ्यांच्या कानांत आजही घुमत असेल. परंतु शाळेतील प्रार्थना नेमकी कोणाची, आणि ती मुलांकडून म्हणवून घेण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न इतिहासाचे अध्यापन करताना आम्हांस वारंवार पडत आला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात या प्रश्नाचे उत्तर लिहिणाऱ्या न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांचे चरित्र म्हणूनच आम्ही या स्मरणिकेसाठी निवडले आहे. हे निष्कलंक पुरुषाचे चरित्र नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

ब्लॅक यांचा जन्म 27 फेब्रुवारी 1886 रोजी अलाबामा राज्याच्या ग्रामीण भागात झाला. आठ भावंडांत ते सर्वांत धाकटे. गुलामगिरी कायद्याने संपली होती. पण कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या शाळा, वेगळे डबे आणि वेगळी वस्ती ही तेथील रीत होती. अस्पृश्यतेचे चटके सोसलेल्या आपल्या समाजाला ती समजावून सांगण्याची गरज नाही. 1906 मध्ये कायद्याची पदवी घेऊन ब्लॅक पुढे बर्मिंगहॅम शहरात वकिली करू लागले. ते बाप्टिस्ट पंथाचे होते आणि चर्चमधील रविवारच्या धर्मवर्गात अनेक वर्षे शिकवीत असत.

1921 साली त्या शहरात एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाने एका कॅथलिक धर्मगुरूची गोळ्या झाडून हत्या केली. कारण एवढेच, की त्या धर्मगुरूने मारेकऱ्याच्या मुलीचा विवाह प्वेर्तो रिकोच्या एका कॅथलिक पुरुषाशी लावून दिला होता. आरोपीचे वकीलपत्र ब्लॅक यांनी घेतले. ज्यूरीच्या मनातील वर्णद्वेष आणि पंथद्वेष यांचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला आणि मारेकरी निर्दोष सुटला. आंतरजातीय विवाहावरून होणाऱ्या हत्यांच्या बातम्या आपण आजही वाचतो; त्यामुळे हा प्रसंग आम्हांस परका वाटला नाही. पुढे 1923 मध्ये ब्लॅक कृष्णवर्णीय, कॅथलिक आणि ज्यू यांचा द्वेष करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेचे सभासद झाले. 1925 मध्ये त्यांनी राजीनामा दिला खरा, पण पुढच्याच वर्षी सिनेटची निवडणूक जिंकताना क्लॅनचा पाठिंबा त्यांना उपयोगी पडला.

1937 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमले. नेमणूक होताच वृत्तपत्रांनी क्लॅनचे सभासदत्व उघडकीस आणले. ब्लॅक यांनी आकाशवाणीवरून देशासमोर ते कबूल केले आणि आपण ती संघटना केव्हाच सोडल्याचे सांगितले. पुढील 34 वर्षे हा माणूस कोणाच्या बाजूने उभा राहतो, याकडे देशाचे लक्ष राहिले. तेथेही त्यांच्या हातून प्रमाद घडला. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या नागरिकांना घरांतून हुसकावण्याचा आदेश वैध ठरविणारा 1944 चा निर्णय त्यांनीच लिहिला. मात्र 1954 मध्ये शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणाऱ्या एकमुखी निर्णयात तेही सहभागी होते. त्यानंतर स्वतःच्या अलाबामात ते परके झाले.

धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांच्या फारकतीचा विचार त्यांनी 1947 च्या एका निकालात प्रथम सविस्तर मांडला. कॅथलिक शाळेत जाणाऱ्या मुलांचे बसभाडे सरकारने द्यावे काय, असा तो वाद होता. थॉमस जेफरसन यांनी वापरलेली भिंतीची उपमा घेऊन ब्लॅक यांनी ठरविले की, शासनाने कोणताही धर्म स्थापू नये, एका धर्माला झुकते माप देऊ नये आणि धर्मप्रसारासाठी कर वसूल करू नये. तथापि, बसची सोय सर्व मुलांसाठी असल्याने त्यांनी ती कायम ठेवली. एकेकाळी कॅथलिकद्वेषावर खटला जिंकणाऱ्या वकिलाच्या लेखणीतून कॅथलिक मुलांची ही सोय टिकून राहिली.

शालेय प्रार्थनेचा खटला 1962 मध्ये आला. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने 22 शब्दांची एक प्रार्थना स्वतः रचली होती. ती कोणत्याही एका पंथाची नव्हती. ज्या मुलाला ती म्हणावयाची नसेल त्याने गप्प राहावे किंवा वर्गाबाहेर जावे, अशी मुभाही होती. तरीही न्यू हाइड पार्क येथील काही पालक न्यायालयात गेले. 25 जून 1962 रोजी सहा विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल लागला आणि तो ब्लॅक यांनी लिहिला. प्रार्थना रचणे हे शासनाचे कामच नव्हे, असे त्यांनी ठरविले. सत्तेचे पाठबळ एका श्रद्धेमागे उभे राहिले की अल्पसंख्याकांवर न दिसणारी सक्ती होते. मुभा कागदावर राहते आणि वर्गाबाहेर एकटे उभे राहणे लेकराच्या वाट्याला येते. सत्तेशी जोडलेला धर्म स्वतःही हीन होतो, हा त्यांचा दुसरा मुद्दा होता. इंग्लंडमध्ये राज्याने ठरविलेल्या प्रार्थनांपायी किती लोक देशोधडीला लागले, याचा इतिहास त्यांनी त्यासाठी सांगितला. धर्मवर्गात शिकविलेल्या माणसाचे हे मत होते, नास्तिकाचे नव्हे.

देशभर संताप उसळला. ब्लॅक यांच्याकडे निषेधाच्या पत्रांचा ओघ लागला. दाव्यातील एका पालकाच्या घरासमोर क्रूस पेटविण्यात आला. जळता क्रूस ही क्लॅनचीच खूण. ज्या मार्गावर ब्लॅक एकदा चालले होते, तोच आता त्यांच्या निकालाविरुद्ध उभा होता. ते ढळले नाहीत. संविधानाची लहान प्रत सदैव खिशात बाळगणारा हा न्यायाधीश 25 सप्टेंबर 1971 रोजी वयाच्या 85 व्या वर्षी निवर्तला.

परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या आपल्या संविधानातही हीच दृष्टी आहे. पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे अनुच्छेद 28 सांगते. शासनमान्य वा अनुदानित संस्थेतही कोणाला संमतीवाचून उपासनेस उपस्थित राहण्यास भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असल्यास पालकांची संमती लागते. ही तरतूद आपल्यासारख्या संस्थांनाही बांधते. गावच्या शाळेत परक्या देवाच्या प्रार्थनेसाठी हात जोडावे लागल्याची आठवण आपल्यापैकी अनेकांना असेल. गावात आपण थोडे होतो. या प्रांगणात आपण बहुसंख्य आहोत. उद्या वंदनेच्या वेळी एखादे मूल मागे मूक उभे दिसले, तर त्याला दटावू नये, रांगेतून वेगळे काढू नये आणि कारणही विचारू नये, एवढी विनंती आम्ही सहकारी शिक्षकांना आणि पालकांना करतो. पंचशील आपण त्याला आपल्या वागण्यातून शिकवू.

जय भीम.