संत जोसेफ वाझ : टाकलेल्यांचा सोबती

भुकेल्यास अन्न देणारे पुष्कळ भेटतात. परंतु ज्याच्याजवळ बसावयास कोणी नाहीं, त्याच्याजवळ जाऊन बसणारा विरळा. असा एक पुरुष गोमंतकानें ख्रिस्तसभेस दिला. त्याचें चरित्र या उत्सवप्रसंगीं थोडक्यांत सांगावें, असें आम्हीं योजिलें आहे.

जोसेफ वाझ यांचा जन्म गोव्यांतील बाणावली गांवीं ता. २१ एप्रिल १६५१ रोजीं झाला. १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. त्या काळीं सिंहलद्वीपाच्या किनाऱ्यावर डच लोकांचा अंमल असून तेथें कॅथलिक धर्मगुरूंस बंदी होती. श्रद्धावंत मेंढपाळावांचून पोरके झाले होते. हें ऐकून ते १६८७ सालीं दीनाच्या वेषानें, अनवाणी, त्या बेटांत शिरले. १६९२ सालीं कांडीच्या राज्यांत जातांच हेर समजून त्यांस बंदींत टाकण्यांत आलें. एकाकीपणाचें दुःख त्यांनीं असें स्वतः भोगिलें.

१६९७ सालीं कांडींत देवीची भयंकर साथ उद्भवली. भयानें लोकांनीं आपल्याच आजाऱ्यांस रानांत नेऊन टाकिलें. वाझ व त्यांचे आप्त धर्मगुरु जोसेफ कार्व्हालो मात्र त्यांच्याकडे गेले. त्या रोगावर तेव्हां उपाय नव्हता. पेज पाजणें, फोड धुणें, जवळ बसणें आणि मृतांस मूठमाती देणें, एवढेंच त्यांच्या हातीं होतें, व तें त्यांनीं केलें. रोगी ख्रिस्ती कीं बौद्ध, हा भेद त्यांनीं मानिला नाहीं. पुढें ते मायदेशीं कधींच परतले नाहींत, ता. १६ जानेवारी १७११ रोजीं कांडींतच त्यांनीं देह ठेविला. ता. १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं कोलंबो येथें त्यांस संतपद दिलें.

प्रिय वाचकहो, या चरित्रांतील मर्म आम्हांस त्यांच्या टिकून राहण्यांत दिसतें. २०२० सालच्या कोरोनाच्या साथींत आजाऱ्यापासून दूर राहणें भाग पडलें. साथ ओसरली, तरी दूर राहण्याची संवय उरली. आपल्या सिल्लोडच्या आसपास मुलें पोटासाठीं शहरांत गेलेले वृद्ध आईबाप, अंथरुणास खिळलेले रोगी, निराधार विधवा कोणाच्या पावलांची चाहूल घेत असतात? आठवड्यांतून एक तास, ठरल्या दिवशीं, दोघांनीं मिळून त्यांच्या ओट्यावर बसावें. त्यांचें ऐकून घ्यावें. जात-धर्म विचारूं नये. मात्र आरंभिलेलें जाणें मध्येंच सोडूं नये. कारण एकदां येऊन पुन्हां न येणारा माणूस एकट्याचें दुःख वाढवितो. वाझ चोवीस वर्षें राहिले. आपणांस तासभर तरी बसतां यावें, अशी कृपा प्रभु आपणां सर्वांस देवो.