नान्सेन : ध्रुवावरून निर्वासितांच्या शिरगणतीकडे

फ्रित्यॉफ नान्सेन हे नाव आपल्याकडे परिचित आहे ते भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातून. ग्रीनलंडचे हिमपठार पायी ओलांडणारा आणि उत्तर ध्रुवाच्या जवळ जाऊन परतलेला धाडसी नॉर्वेजियन, एवढीच त्यांची ओळख विद्यार्थ्यांना होते. परंतु आयुष्याची अखेरची दहा वर्षे त्यांनी ज्या कामात वेचली ते काम दर्यावर्दीपेक्षा कारकुनाला अधिक जवळचे वाटावे असे आहे. कोण कोणत्या देशातून निघाला, कोणत्या देशात पोहोचला आणि मधल्या वाटेत कोठे गळाला, याचा हिशेब ठेवण्याचे ते काम होते. आज निर्वासितांविषयी जे आकडे वृत्तपत्रांत छापून येतात, त्यांची पहिली तेरीज नान्सेन यांच्या कचेरीत मांडली गेली.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी नॉर्वेच्या राजधानीजवळ, आज ओस्लो म्हटल्या जाणाऱ्या शहराच्या परिसरात झाला. शिक्षण प्राणिशास्त्राचे. विशी ओलांडताच ते बर्गेनच्या संग्रहालयात नोकरीस लागले आणि सूक्ष्मदर्शकाखाली क्षुद्र जीवांच्या मज्जातंतूंचा अभ्यास करीत बसले. याच विषयावरील प्रबंधास १८८८ साली डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी पाच सोबत्यांसह ते ग्रीनलंडला गेले. त्यापूर्वीच्या मोहिमा वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून निघत व जमेना तेव्हा माघारी येत. नान्सेन यांनी निर्जन पूर्व किनारा निवडला. मागे परतावे तर तेथे कोणी नाही, तेव्हा पुढे जाणे भागच पडावे, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

१८९३ मध्ये ते ‘फ्राम’ या जहाजातून निघाले. जहाज मुद्दाम बर्फात अडकवून घ्यायचे आणि बर्फाबरोबर वाहत ध्रुवाकडे जायचे, ही कल्पना त्या काळच्या अनेक तज्ज्ञांना वेडगळ वाटली होती. पण बर्फाने आवळले असता चिरडले न जाता वर उचलले जाईल अशा गोलसर बांध्याचे जहाज कॉलिन आर्चर यांनी बांधून दिले आणि ते खरोखरच तीन वर्षांनी सुखरूप परतले. मधल्या काळात नान्सेन व हजाल्मार योहान्सेन जहाज सोडून बर्फावरून चालत निघाले व एप्रिल १८९५ मध्ये ८६ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचले. तेथवर तोपर्यंत कोणी गेले नव्हते. या प्रवासाच्या रोमहर्षक कथा पुष्कळ सांगितल्या जातात. येथे महत्त्वाची आहे ती वेगळीच गोष्ट. जहाजावर तापमान, समुद्राची खोली आणि बर्फाच्या वाहण्याची दिशा यांच्या नोंदी नियमाने होत होत्या. वारा ज्या दिशेने वाहतो त्याच दिशेने बर्फ न जाता थोडे उजवीकडे सरकते, हे या नोंदींतूनच ध्यानात आले आणि पृथ्वीच्या परिवलनाशी असलेला त्याचा संबंध पुढे एकमन या शास्त्रज्ञाने गणिताने दाखविला. जे वाहते त्याचा हिशेब ठेवता येतो, मात्र त्यासाठी नोंद रोज व्हावी लागते, ही सवय नान्सेन यांच्या हाडीमासी अशी भिनली होती.

१९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला. त्या वेळच्या वाटाघाटींत त्यांनी भाग घेतला आणि नंतर लंडनमध्ये नव्या देशाचे पहिले राजदूत म्हणून दोन वर्षे काम केले. पुढे सागरविज्ञानाचे प्राध्यापक झाले. पहिल्या महायुद्धात अन्नधान्य मिळविण्यासाठी अमेरिकेत वाटाघाटी केल्या. हे सर्व झाले नसते, तरी त्यांचे नाव राहिलेच असते.

युद्ध संपले तेव्हा लक्षावधी कैदी परक्या देशांत अडकून पडले होते. सायबेरियात जर्मन, ऑस्ट्रियन, हंगेरियन, तर जर्मनीत रशियन. रशियातील नव्या सरकारला पाश्चात्त्य राष्ट्रांची मान्यता नव्हती, त्यामुळे बोलणी कोणी करावयाची हाच प्रश्न होता. १९२० च्या एप्रिलमध्ये राष्ट्रसंघाने हे काम नान्सेन यांच्याकडे सोपविले. बाल्टिक समुद्रावर श्टेट्टीन आणि नार्वा या बंदरांमध्ये त्यांनी जहाजे फिरती ठेवली. जाताना रशियन न्यायचे, येताना मध्य युरोपातील कैदी आणायचे. जहाज रिकामे परतत नसल्याने खर्चही आटोक्यात राहिला. १९२२ मध्ये त्यांनी सादर केलेला अंतिम आकडा ४,२७,८८६ असा होता आणि हे कैदी तिसाच्या आसपास देशांचे होते.

या आकड्यातील शेवटचे ८६ विश्वासार्ह का वाटतात, हे समजून घेण्यासारखे आहे. एका बंदरात माणूस जहाजावर चढताना मोजला जाई आणि दुसऱ्या बंदरात उतरताना पुन्हा मोजला जाई. व्यापारी खतावणीतील दुहेरी नोंदीचीच ही पद्धत होय. एका बाजूचे नावे ते दुसऱ्या बाजूचे जमा. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर चूक कोठे झाली ते शोधता येते.

निर्वासितांच्या बाबतीत हे तंत्र कोलमडले. रशियातील यादवीत पराभूत झालेल्यांचे लोंढे १९१९ पासून बाहेर पडत होते. १९२० च्या नोव्हेंबरात क्रिमियातून एकट्या रँगेलच्या सैन्याबरोबर सुमारे दीड लाख माणसे कॉन्स्टँटिनोपलला येऊन पडली. डिसेंबर १९२१ मध्ये सोव्हिएत सरकारने परदेशी पळालेल्यांचे नागरिकत्वच काढून घेतले. म्हणजे निघाल्याची नोंद करणारे कोणी नव्हते आणि पोहोचल्याची नोंद करणाऱ्याला ही माणसे नको होती. १९२१ मध्ये रशियन निर्वासितांचे उच्चायुक्त म्हणून नान्सेन यांची नेमणूक होताच, प्रत्येक सरकारने आपल्या हद्दीतील निर्वासितांची व्यवसायवार गणती करून द्यावी, अशी मागणी पुढे आली. उत्तरे अर्धवट आली. किती निर्वासित होते? कोणी वीस लाख म्हणत, कोणी पंधरा. नंतरच्या चिकित्सक अभ्यासात १९२२ च्या आरंभीची संख्या साडेआठ लाखांच्या आसपास धरली गेली. मदत मागावयाची असली की संख्या फुगते आणि जबाबदारी टाळावयाची असली की आटते. दुष्काळी कामांवरील मजुरांची हजेरीपत्रके ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे नव्याने सांगावयास नको.

माणूस मोजावयाचा तर त्याच्याजवळ काही कागद हवा. जुलै १९२२ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत नान्सेन यांनी ओळखपत्राचा नमुना मंजूर करून घेतला आणि पुढे पन्नासाहून अधिक सरकारांनी तो मान्य केला. त्यालाच नान्सेन पारपत्र म्हणतात. १९२४ मध्ये ते आर्मेनियनांना आणि १९२८ मध्ये असिरियन व इतर काही समूहांना लागू झाले. या कागदाचा गौरव बराच झाला, पण त्यातील उणीव फारशी सांगितली जात नाही. ज्या देशाने तो दिला त्या देशात परतण्याचा हक्क त्याने मिळत नसे. साहजिकच दुसरा देश अशा माणसाला आत घेताना कचरे, कारण आत आलेला माणूस परत कोठे धाडावयाचा हे ठरलेले नसे. १९२६ च्या परिषदेत परतीच्या परवान्याची शिफारस झाली आणि पारपत्रावर पाच सुवर्ण फ्रँकचे तिकीट लावून त्या उत्पन्नातून गरजूंना मदत करण्याची सोय झाली. निर्धनांना तिकीट माफ होते. दरम्यान १९२५ पासून रोजगाराची बाजू आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेकडे गेली होती. फ्रान्सला युद्धानंतर हात हवे होते आणि बाल्कन देशांत हात रिकामे होते, तेव्हा माणसांची ही ने-आण मागणी-पुरवठ्याच्या तक्त्यावरून होऊ लागली.

त्यांच्या कार्यातील सर्वांत वादग्रस्त भाग म्हणजे ग्रीस व तुर्कस्तान यांमधील लोकसंख्येची अदलाबदल. १९२२ मध्ये ग्रीक सैन्याचा पाडाव झाल्यावर आशिया मायनरमधून लाखो ख्रिस्ती ग्रीसमध्ये पळून आले. नान्सेन यांनी अदलाबदलीची कल्पना उचलून धरली आणि ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे करार झाला. तो सक्तीचा होता. कोण ग्रीक आणि कोण तुर्क हे धर्मावरून ठरले, भाषेवरून नव्हे. घरात तुर्की बोलणारे अनातोलियातील ख्रिस्ती ग्रीसमध्ये गेले आणि ग्रीक बोलणारे क्रीट बेटावरील मुसलमान तुर्कस्तानात. तक्त्यात रकाना धर्माचा होता, म्हणून माणसे त्या रकान्याप्रमाणे विभागली गेली. उपासमार आणि साथी डोळ्यांसमोर असताना दुसरा मार्ग नव्हता, असे समर्थन केले जाते. ते पूर्णपणे नाकारता येत नाही. पण आपले गाव सोडण्याची इच्छा नसलेल्यांनाही या कराराने हाकलले, ही गोष्ट नान्सेन यांच्या खात्यावर राहतेच.

या प्रकरणातील आकडे पाहावेत. करारानंतर मिश्र आयोगाच्या देखरेखीखाली ग्रीसला गेलेले सुमारे १ लाख ९० हजार आणि तुर्कस्तानला गेलेले साडेतीन लाखांवर होते. एवढेच पाहिले तर तुर्कस्ताननेच अधिक भार उचलला असे वाटेल. परंतु १९२८ च्या जनगणनेत ग्रीसमध्ये १२,२१,८४९ निर्वासित मोजले गेले आणि त्यांतील बहुतेक तुर्कस्तानातून आलेले होते. करारापूर्वीच जे जीव मुठीत धरून पळाले, ते ‘हस्तांतरित’ या सदरात बसलेच नाहीत. दोन्ही तक्ते आपापल्या जागी खरे आहेत. कोणता तक्ता पुढे करावयाचा, हे मात्र मांडणाऱ्याच्या हाती असते.

१९२२ मध्ये नान्सेन यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि ती रक्कम त्यांनी मदतकार्यातच घातली. रशियातील १९२१-२२ च्या दुष्काळासाठी त्यांनी राष्ट्रसंघाकडे कर्ज मागितले होते, ते सरकारांनी नाकारले. बोल्शेविकांना हातभार लावतो म्हणून त्यांच्यावर टीका झाली आणि निर्वासितांना रशियात परत पाठवू पाहतो म्हणून निर्वासितही रागावले. आर्मेनियात कालवे काढून निर्वासित वसविण्याची योजना पैशाअभावी बारगळली. १३ मे १९३० रोजी ते निधन पावले आणि १७ मे या नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी त्यांचा अंत्यविधी झाला. त्यांच्या नावाने चाललेल्या कचेरीलाही १९३८ मध्ये नोबेल मिळाले.

त्यांच्या पश्चात या आकड्यांची झाडाझडती घेणारे सर जॉन होप सिम्प्सन हे एके काळी हिंदुस्थानात सनदी अधिकारी होते, हा योगायोग लक्षणीय आहे. ग्रीसमधील पुनर्वसन आयोगावर काम केल्यावर त्यांनी १९३९ मध्ये निर्वासितांच्या प्रश्नावरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला आणि देशोदेशींच्या आकड्यांतील छिद्रे उघडी केली. ती छिद्रे अजून बुजलेली नाहीत. आश्रय मागणाऱ्याच्या अर्जाचा निर्णय कोणत्या देशाने करावयाचा हे ठरविण्यासाठी युरोपीय देशांनी १९९० मध्ये डब्लिन येथे करार केला आणि त्यातून एका देशाने दुसऱ्याकडे अर्जदार सोपविण्याची रीत पडली. त्याचे अधिकृत आकडे प्रसिद्ध होतात. पण एका देशाने अमुक माणसे धाडली असे म्हणावे आणि दुसऱ्याने तेवढी आलीच नाहीत असे दाखवावे, हा प्रकार या तक्त्यांत नेहमीचा आहे. कोणी विनंतीच्या तारखेने मोजतो, कोणी प्रत्यक्ष रवानगीच्या. शिवाय विनंत्यांच्या मानाने प्रत्यक्ष रवानगी थोडीच होते. नार्वाच्या धक्क्यावरील दुहेरी नोंद येथे दोन वेगळ्या कचेऱ्यांत दोन वेगळ्या वह्यांत होते, एवढाच काय तो फरक.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. पण शिरगणतीचा अनुभव भारताइतका थोड्यांना असेल. १९५१ च्या जनगणनेत फाळणीमुळे विस्थापित झालेले सुमारे ७३ लाख भारतात मोजले गेले, तर त्याच वर्षी पाकिस्तानात सुमारे ७२ लाख. वाटेत मेलेले दोन्हीकडे नाहीत. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून आलेल्यांची संख्या डिसेंबरच्या आरंभी ९९ लाखांच्या घरात गेली. त्यांतील सुमारे ६८ लाख छावण्यांत होते आणि उरलेले आप्तेष्टांकडे. मध्य प्रदेशातील छावण्यांतच दोन लाखांवर माणसे होती आणि रायपूरजवळची माना छावणी ही गोंदियावरून जाणाऱ्या मुंबई-हावडा लोहमार्गावरचीच.

जुन्या भंडारा जिल्ह्याला हा विषय परका नाही. गोंदियाची सिंधी वस्ती, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील अरुणनगर, गौरनगर ही बंगाली निर्वासितांची गावे, आणि त्याच तालुक्यात गोठणगाव-प्रतापगड भागात १९७२ मध्ये वसलेली नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत. १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर हा सारा भाग गोंदिया जिल्ह्यात गेला. तिबेटी माणसाजवळ परकीय म्हणून नोंदणीची पुस्तिका असते आणि परदेशी जावयाचे तर भारत सरकार पिवळ्या रंगाचे ओळखपत्र देते. भारतात परत येण्यास हरकत नाही असा शेरा त्यात असावा लागतो. नान्सेन पारपत्रात १९२२ साली जे राहून गेले होते, ते नेमके हेच.

येथेही कोणाला कोणत्या रकान्यात घालावे हा पेच आहे. २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला तिबेटी जन्माने भारतीय नागरिक ठरतो, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. म्हणजे एकच व्यक्ती कायद्याने नागरिक आणि पोलिसांच्या नोंदवहीत परकीय असू शकते. हिवाळ्यात स्वेटर विकण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे शहरोशहरी जातात, तेव्हा त्या महिन्यांत गणना करणाऱ्याला कुलपेच दिसावयाची. तिबेटी प्रशासनाने २००९ मध्ये स्वतःच शिरगणती केली. तीत तिबेटबाहेरील एकूण १,२७,९३५ तिबेटींपैकी भारतात ९४,२०३, नेपाळात १३,५१४, भूतानमध्ये १,२९८ आणि अन्य देशांत १८,९२० आढळले. या शेवटच्या सदरातील पुष्कळसे भारतातूनच पुढे गेलेले. त्यांचे जाणे या गणतीत ‘अन्य देश’ या रकान्यात जमा झाले आहे. वजा व्हावयाचे ते भारतातील नोंदवहीतून, आणि ती नोंदवही दुसऱ्या खात्याच्या कपाटात असते.