एका खोलीतला अभ्यास
विद्यार्थी मित्रहो, घरात जागा नाही म्हणून अभ्यास होत नाही, अशी तुमची तक्रार असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत परळच्या चाळीत, सारे कुटुंब एका खोलीत राहत असताना शिकले. वडील रामजी सुभेदार त्यांना लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मुलाला उठवून मग आपण आडवे होत. दिव्यापाशी पहाटेपर्यंत अभ्यास चाले. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत अवांतर वाचन होई; तेथेच केळुसकर गुरुजींचे त्यांच्याकडे लक्ष गेले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, १९१३ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. मित्रहो, जागा नसेल तर वेळ ठरवा आणि ती पाळा. आणि पालकहो, मुलाला उठविण्यासाठी आपण जागतो काय?