मिजलीचं शिसं

गिरगावातल्या वाडीत ताडपत्रीखाली झाकलेली जुनी मॉरिस रविवारी बाहेर काढणाऱ्यांची एक तक्रार असते: पेट्रोलमधलं शिसं गेलं आणि इंजिनाची रया गेली. हे शिसं पेट्रोलमध्ये आणलं थॉमस मिजलीने.

१८८९ साली अमेरिकेत जन्मलेला मिजली शिकला यांत्रिकी अभियांत्रिकी, नाव कमावलं रसायनशास्त्रात. वरिष्ठ चार्ल्स केटरिंग यांनी त्याला नॉकिंगवर उपाय शोधायला सांगितलं. सिलिंडरमधलं मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच भडकलं की हातोडीसारखा ठोका येतो, तेच नॉकिंग. डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड हा उपाय सापडला. अल्कोहोलनेही भागतं हे त्याला ठाऊक होतं. पण शिसं अगदी थोडं लागायचं आणि त्यात पेटंटचा पैसा होता. फेब्रुवारी १९२३ मध्ये ‘एथिल’ या नावाने विक्री सुरू झाली. नावात शिशाचा उल्लेखही नव्हता.

त्याच सुमारास मिजली स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी पडून फ्लोरिडात विश्रांती घेत होता. पुढच्या वर्षी न्यू जर्सीच्या कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरी त्याने पत्रकारांसमोर त्या द्रवाने हात धुतले आणि मिनिटभर ते हुंगूनही दाखवलं. त्याला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय त्यानेच ठेवलेली नाही.

पुढे त्याने शीतकपाटांसाठी फ्रीऑन शोधला. ओझोनला त्याचा धोका कळायला मात्र काही दशकं गेली. १९४० मध्ये पोलिओने पाय गेले. अंथरुणातून उठण्यासाठी त्याने दोर-कप्प्यांची रचना केली आणि १९४४ मध्ये त्याच दोरांत गळा आवळून तो गेला. वय ५५.

मुंबईत शिसेविरहित पेट्रोल आलं १९९५ मध्ये, तेही नव्या गाड्यांसाठी. देशभरातून शिसं हटलं फेब्रुवारी २००० मध्ये. तोवर परळ-लालबागच्या सिग्नलवर मुलं तोच धूर घेत होती. शिसं मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवतं. हाडांत साठलेलं तर दशकानुदशकं राहतं, आणि गरोदरपणात आईच्या हाडांतून बाळापर्यंत पोहोचतं.

आता त्या मॉरिसबद्दल. शिशाचा थर व्हॉल्व्ह आणि त्याच्या सीटमध्ये गादीसारखा बसायचा. तो नसला की ओतीव लोखंडाच्या हेडमध्येच कोरलेली मऊ सीट झिजते, व्हॉल्व्ह आत रुतत जातो. पण ही झीज मुख्यतः सतत भरधाव चालवल्यावर होते. दादरच्या गर्दीत तेवढा वेग मिळतो कुणाला? हेड उघडलंच तर कडक पोलादी सीट बसवून घ्यावी. नॉकिंग ऐकू आलं तर टायमिंग थोडं मागे घ्यावं. सध्या जास्त लक्ष द्यायचं ते रबरी नळ्या आणि गॅस्केटांकडे. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल त्यांना खातं. म्हणजे मिजलीने बाजूला ठेवलेलं तेच अल्कोहोल.