ग्लेन गूल्ड : एक रचना, दोन ध्वनिमुद्रणे

एकाच गायकाचा एकच राग आपण त्याच्या तारुण्यात आणि उत्तरायुष्यात ऐकला, तर फरक सहज जाणवतो. कारण आपला गायक प्रत्येक वेळी राग नव्याने मांडतो. पाश्चात्त्य अभिजात संगीतात मात्र प्रत्येक स्वर रचनाकाराने लिहून ठेवलेला असतो. मग वादकाच्या हाती काय उरते? कॅनेडियन पियानोवादक ग्लेन गूल्ड यांचे चरित्र वाचताना हा प्रश्न मनाशी ठेवा.

गूल्ड यांचा जन्म २५ सप्टेंबर १९३२ रोजी टोरांटो येथे झाला. पहिले धडे आईने दिले, पुढे आल्बेर्तो गरेरो हे गुरू लाभले. वडिलांनी पाय कापून बुटकी केलेली घडीची खुर्ची त्यांनी जन्मभर वापरली.

जून १९५५ मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्क येथे बाख यांच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’चे ध्वनिमुद्रण केले. १७४१ च्या सुमारास प्रसिद्ध झालेली ही रचना दोन पट्ट्यांच्या हार्पसिकॉर्डसाठी आहे. आरंभी एक संथ ‘आरिया’, मग तिच्या खालच्या खर्जाच्या आधाराने उभी केलेली तीस रूपे, आणि शेवटी पुन्हा तीच आरिया. गूल्ड यांनी हे सारे सुमारे अडतीस मिनिटांत वाजवले. त्या विजेसारख्या वादनाने ते जगप्रसिद्ध झाले.

कीर्ती मात्र त्यांना मानवली नाही. श्रोत्यांसमोर वाजवणे त्यांना झुंजीसारखे वाटे. १९६४ मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, लॉस एंजेलिस येथील कार्यक्रमानंतर त्यांनी मैफलींचा कायमचा त्याग केला आणि ध्वनिमुद्रण हेच आपले कार्यक्षेत्र मानले.

१९८१ मध्ये त्याच स्टुडिओत ते त्याच रचनेकडे परतले. आपल्या तरुण वादनात त्यांना आता उतावळेपणा दिसत होता. तीस तुकडे सुटे वाटत होते. सगळ्यांमागे एकच स्पंदन हवे, असा त्यांचा आग्रह झाला. या वेळी एक्कावन्न मिनिटे लागली. आरंभीची आरिया पूर्वी दोन मिनिटांच्या आत संपत असे, ती आता तीन मिनिटांपर्यंत गेली.

तथापि, घड्याळावर विसंबू नका. पहिल्या ध्वनिमुद्रणात पुनरावृत्ती गाळल्या आहेत, दुसऱ्यात काही घेतल्या आहेत; वाढलेला सगळा वेळ संथपणाचा नव्हे. शिवाय पंचविसावे, सर्वांत विषण्ण रूप ऐका. तरुण गूल्ड तेथे रेंगाळतात, प्रौढ गूल्ड ते थोड्या कमी वेळात पुरे करतात! उतारवयाने लय मंदावली, हे सोपे स्पष्टीकरण येथे टिकत नाही. माझ्या मते तरुण वादनातील दुःख अधिक बोलके आहे, नंतरचे अधिक आवरलेले. आपले मत वेगळे असू शकेल. दोन्ही ऐकूनच ते ठरवावे. वाजवताना त्यांचे स्वतःशी गुणगुणणेही दोन्हींत ऐकू येते.

नवी ध्वनिमुद्रिका सप्टेंबर १९८२ मध्ये बाहेर आली. त्याच महिन्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ४ ऑक्टोबर रोजी त्यांचे निधन झाले. टोरांटोतील त्यांच्या समाधिशिलेवर त्याच आरियाचे आरंभीचे स्वर कोरलेले आहेत.